आईच्या ट्रंकेची वाटणी

गोधडी हा शब्द मी रोजच्या बोलण्यात वापरायला लागलो तो पुण्यात आल्यावर. आमच्याकडे, म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला, उमरगा-लोहारा भागात, तिला वाकळ म्हणतात. तिथून कर्नाटकाकडे थोडं सरकलात की तीच कौदी होते. बाळाची असली की दुपटं. वस्तू एकच. जुने कपडे एकावर एक अंथरायचे आणि हातानं धावदोरा घालून एकजीव करायचे.

हे आज आठवायचं कारण म्हणजे ऑफिसमधल्या एका मित्रानं लंच टाइममध्ये मोबाइलवर दाखवलेलं एक पान. 'हॅन्डमेड व्हिंटेज क्विल्ट', किंमत चार आकडी, खाली लिहिलेलं की प्रत्येक नग वेगळा आहे आणि थोडेफार दोष हे हस्तकलेचं सौंदर्य समजावं. मी म्हटलं, अरे ही तर वाकळ! तो म्हणाला, "तुझ्याकडे आहे का?" मी म्हटलं, पाच आहेत. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझे पाच फ्लॅट आहेत :-)

पाच कशा, तर आमच्या आईचा एक नियम आहे. दर दिवाळीला एक वाकळ, आणि ती एका लेकराला. आम्ही तीन भावंडं. मोठा दादा, मग अक्का, मग मी. एका दिवाळीला दादा, पुढच्या दिवाळीला अक्का, त्याच्या पुढच्या दिवाळीला मी. बारावीनंतर मी शिकायला बाहेर पडलो तेव्हा जादाची एक मिळाली, नोकरी लागल्यावर अजून एक, बाकीच्या पाळीप्रमाणे. दिवाळीला नवे कपडे सगळ्यांच्याच घरी मिळतात. आमच्याकडे सोबत जुनेही मिळायचे, शिवून.

गोधडीवर 'मायेची ऊब' टाइपचे फॉरवर्ड तुम्हीही वाचले असतील. मला त्यांचा राग नाही, पण ते वाचून असं वाटतं की आईनं डोळे मिटून माया केली आणि गोधडी तयार झाली. प्रत्यक्षात तो एक बऱ्यापैकी किचकट प्रोजेक्ट असतो. म्हणून आधी थोडं तांत्रिक.

वाकळ दिवाळीला मिळते, पण शिवली जाते चैत्र-वैशाखात. खरिपाची पेरणी सुरू झाली की आईला वेळ नसतो, आणि दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची काढणी असते. उन्हाळ्यात रानात काम कमी आणि ऊन भरपूर. वर्षभर जमवलेले कपडे आधी सोड्यात भिजवून धुवायचे, कडक उन्हात वाळवायचे. मग छाटणी. शिवणी, बटणं, चेन, काजं, कॉलरचा जाड भाग काढून टाकायचा. बटणं एका डब्यात जातात. (तो डबा म्हणजे आमच्या घरची स्पेअर पार्ट्सची इन्व्हेंटरी.) उरलेलं सपाट कापड रंगानुसार नाही, तर जाडीनुसार वेगळं करायचं. एकाच वाकळेत एकीकडे जीन्स आणि दुसरीकडे मलमल आली तर पहिल्याच धुण्यात ती ओढली जाते, आणि फाटते ती मलमल.

खाली आणि वर मात्र एक अखंड, मऊ, मोठं सुती कापड लागतं. ते म्हणजे नऊवारी लुगडं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एका लुगड्यात वाकळेची खालची-वरची बाजू निघून थोडं उरतं. लुगडं सारवलेल्या जमिनीवर (आता फरशीवर) ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडे तीन कोपऱ्यांवर दगड आणि चौथ्यावर वरवंटा असायचा. मग आतले थर, तीन ते पाच. त्यावर वरचं कापड. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागेवर धरायचं. मग कडेपासून सुरुवात, चारही बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, आणि शेवट मधोमध. कडेनं आत का? कारण कापडाची सुरकुती पुढे ढकलत न्यावी लागते. उलट केलं तर कडेला झोळ येतो.

इंजिनिअर असल्यामुळे मला एकदा राहवलं नाही. वाकळ सात फूट बाय पाच फूट धरू. म्हणजे साधारण २१० बाय १५० सेंटिमीटर. दोन ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर. म्हणजे दोऱ्याच्या वाटेची एकूण लांबी झाली १५७.५ मीटर. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर १५,७५० टाके. मिनिटाला दहा टाके या वेगानं सव्वासव्वीस तास. फक्त टाक्यांचे. धुणं, छाटणी, सुईत दोरा ओवणं, मध्येच गाय सुटली म्हणून उठणं यात धरलेलं नाही. हा आकडा मी आईला फोनवर सांगितला. ती म्हणाली, "आरं मग मोजत बसलास तवर चार वळी झाल्या असत्या की."

ऊब कुठून येते? तर थरांच्या मधल्या हवेतून. हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, आणि धावदोरा त्या हवेला छोट्या छोट्या कप्प्यांत अडवून ठेवतो. टाके फार दाट घातले तर थर दाबले जातात आणि वाकळ थंड लागते. फार विरळ घातले तर आतलं कापड गोळा होतं. दोन बोटांचं अंतर हे आईला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. तिला तिच्या सासूनं शिकवलं, आणि सासू फार बोलणारी नव्हती. चुकलेली ओळ ती नुसती उसवून ठेवायची.

ही आमची आज्जी. तिच्याकडून आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वाकळेचं 'पोट'. अगदी मधोमध शेवटचे चार टाके राहिले की आई आत चिमूटभर ज्वारी टाकते आणि मग ते तोंड शिवते. रिकाम्या पोटाची वाकळ कुणाला देऊ नये म्हणे. उत्तर कर्नाटकातल्या कौदीतही पोट भरायची अशी रीत आहे असं मी नंतर ऐकलं. तिकडच्या कारवार भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही कडेकडून फिरत मध्ये येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी 'फुलं' लावतात. बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी, राजस्थान-सिंधकडे रल्ली. जिथं जिथं कापड महाग आणि बाईचा वेळ फुकट धरला गेला, तिथं तिथं ही वस्तू सापडते.

आणि कापडाशी आमच्या जिल्ह्याचं नातं आजचं नाही. तेरणा नदीकाठचं तेर तुम्ही संत गोरा कुंभारांमुळे ऐकलं असेल. तेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तिकेत तगरचं नाव आहे. तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात असे, आणि तिथून समुद्रापार. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्याकडचं कापड एक्स्पोर्ट होत होतं! त्या गाड्यांतून जे गेलं नाही, फाटलं, डागाळलं, त्याचं इथल्या बायकांनी काय केलं असेल ते कुठल्याही पुस्तिकेत नाही. मला त्याचा अंदाज आहे.

आईची सध्याची अडचण मात्र वेगळी आहे. सुती लुगडी संपत चाललीत. आज्जी इरकल आणि साधी सुती लुगडी नेसायची. आई सहावारी नेसते आणि त्यातल्या निम्म्याअधिक पॉलिस्टरच्या. पॉलिस्टर घाम शोषत नाही, टाक्याखाली सरकतं आणि थंडीत अंगाला आधी गारच लागतं. टिकतं मात्र जन्मभर. म्हणून आईच्या ट्रंकेत आज्जीची जी लुगडी आहेत, त्यांना आमच्या घरी ठेवीसारखा मान आहे. आतल्या थरांना काहीही चालतं. माझ्या वाकळांच्या आत माझे कॉलेजचे शर्ट आहेत आणि कंपनीत प्रत्येक मोठ्या रिलीजनंतर वाटतात ते टी-शर्टही आहेत. एकदा दोरा निघाला म्हणून कोपरा उसवून पाहिला, तर आत एका बंद पडलेल्या प्रोजेक्टचा लोगो. तो प्रोजेक्ट क्लायंटनं कधीच वापरला नाही. त्याचा टी-शर्ट मी अजून पांघरतोय :-)

घरात सगळ्यात जुनी वाकळ मात्र माझ्या जन्माच्याही आधीची आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या जरा आधी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या पहाटे अंगावर आलं. आमच्या घरातली माणसं वाचली; घर वाचलं नाही. दादा तेव्हा वर्षाचा होता. पुढचे कितीतरी महिने सगळे पत्र्याच्या शेडमध्ये होते.

मदत खूप आली. कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले. त्यात चांगलं होतं तसं आमच्या बायका-माणसांनी कधी अंगाला लावलं नसतं असंही होतं. झगे, कोट, टाय, कुठल्या तरी शाळेचे मापात न बसणारे युनिफॉर्म. आज्जीनं ते सगळं शेडमध्ये ओढून आणलं आणि त्याच्या वाकळा शिवल्या. त्यातली एक अजून आहे. तिच्या आत एक टाय आहे हे हाताला कळतं. पट्टीसारखा, सरळ, एका कडेजवळ. मी लहानपणी झोप येईपर्यंत त्यावरून बोट फिरवायचो. मुंबईतल्या कुठल्या साहेबाचा तो असेल याच्या गोष्टी मी आणि अक्कानं मिळून रचल्या होत्या. आमच्या गोष्टीत तो साहेब टाय शोधत एक दिवस गावात येणार होता.

अशीच एक जागा अमेरिकेत आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात अडकलेलं जीज् बेंड नावाचं गाव. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, ज्यांचे पूर्वज तिथल्याच कापसाच्या मळ्यात गुलाम होते, नवऱ्यांच्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या क्विल्ट शिवत आल्या. २००२ मध्ये त्या क्विल्ट ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. तिकडे लोक त्या भिंतीपुढे उभे राहून रंगसंगतीबद्दल बोलतात. मी फोटो पाहिले तेव्हा मला दिसल्या पँटच्या गुडघ्यांवरच्या विटलेल्या जागा. त्या मी ओळखतो. आमच्या अण्णांच्या धोतराची बसायची जागा अशीच विरलेली असायची.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

अण्णा २०२३ मध्ये गेले. सहा एकर कोरडवाहू जमीन. तलाठ्याकडे वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर चार नावं लागली. आई, दादा, अक्का, मी. जमीन दादा कसतो. मी पुण्यात, साडेतीनशे किलोमीटरवर. अक्का अठरा किलोमीटरवर दिलेली, काढणीला चार दिवस येते, नवऱ्यालाही आणते.

चार नावं म्हणजे काय हे दादाला मागच्या पावसाळ्यात कळलं. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. आमचं सोयाबीन शेंगेतच कुजलं. पंचनामा झाला, आणि मग नुकसानीच्या पैशांसाठी सामाईक खातेदारांचं संमतीपत्र. म्हणजे चौघांच्या सह्या, चौघांची आधार कार्डं. मला पुण्याहून कागद पाठवावे लागले, अक्काला एक दिवस मोडून यावं लागलं. पीककर्जालाही तेच. दादा वैतागला आणि त्याचं वैतागणं खोटं नव्हतं. चिखलात तो उभा होता, आम्ही नाही.

मग दिवाळीत गावातल्या जाणत्यांनी जो उपाय सांगितला तो आमच्याकडे घरोघरी होतो. बहिणीची हक्कसोड. बहीण भाऊबीजेला माहेरी आलेलीच असते. एक दिवस तालुक्याला जायचं, रजिस्टर कचेरीत सही, तिला एक चांगली साडी, आणि सातबारा 'मोकळा'. कुणी जबरदस्ती करत नाही. आवाजही चढत नाही. बहीणच म्हणते, मला काय करायचंय जमिनीचं, माझं माहेर तेवढं राहू द्या. अक्काही तेच म्हणाली. स्वयंपाकघरात, पाठमोरी, भाकरी थापता थापता.

कायदा काय सांगतो ते मला माहीत होतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा द्यायची दुरुस्ती केली होती, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये केंद्रानं हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलगी जन्मानंच मुलासारखी हिस्सेदार झाली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याचीही गरज नाही. हे सगळं माझ्या मोबाइलमध्ये होतं. पण कायद्यानं हक्क दिला तरी सही करून तो सोडायची मुभाही कायद्यातच आहे, आणि आमच्याकडचं बहुतेक काम त्या मुभेतच उरकतं.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. ओवाळून झालं. मी आणि दादानं ताटात ओवाळणी टाकली. त्या वर्षी वाकळेची पाळी दादाची होती. आई उठली, आतल्या खोलीतून ट्रंक ओढत आणली, आणि एक नाही, तीन वाकळा बाहेर काढल्या. तिन्ही एकावर एक ठेवल्या. कडेला कड लागलेली. उन्हाळाभर ती काय करत होती ते फोनवर कुणालाच बोलली नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून डॉक्टरांनी बारीक काम कमी करायला सांगितलं होतं, ते मला माहीत होतं.

"आज्जीची तीन लुगडी राह्यली हुती," ती म्हणाली. "संपली आता. तीन लेकरं, तीन वाकळा. माझी ट्रंक म्या वाटून टाकली. कमीजास्त वाटलं तर मापून घ्या."

दादा हसून म्हणाला, "मापायचं काय त्यात आई."

"मापा की," आई म्हणाली. "जमीन मापतावच की."

बास. एवढंच. ती पुढं काही बोलली नाही, ट्रंक लावली आणि पाणी तापवायला गेली. अक्कानं तिची वाकळ मांडीवर घेतली आणि तिची पोरगी त्यावर जाऊन बसली.

मी नंतर त्या तिन्ही वाकळा खरंच पाहिल्या. (मापल्या नाहीत, पण हातानं वीत टाकली.) सारख्या होत्या. तिन्हींत अण्णांचे सदरे होते, धोतर होतं. तिन्हींत आज्जीच्या लुगड्याचे काठ एकाच बाजूला आले होते. ओळी मात्र पूर्वीसारख्या सरळ नव्हत्या. मध्याकडे जाता जाता वाकड्या झाल्या होत्या, काही ठिकाणी दोन बोटांचं अंतर तीन-चार बोटांचं झालं होतं. डोळ्यांचं काम. एकीत सरळ आणि दुसरीत वाकड्या असं नव्हतं. वाकडेपणाही तिघांना सारखाच आला होता.

आता मी जे म्हणतोय ते मला त्या रात्री माळवदाच्या जागी आता असलेल्या स्लॅबवर झोपताना सुचलं. आमच्याकडे पुरुषाची इस्टेट कागदावर असते. तिचे गट नंबर असतात, तिच्यावर फेरफार होतात, तिच्यासाठी कोर्टात पिढ्या जातात. बाईची इस्टेट म्हणजे थोडं सोनं, भांडी आणि कपडे. जमिनीच्या वाटणीत आईला कुणी विचारलं नव्हतं. तिचं नाव होतं, मत नव्हतं. जी वाटणी पूर्णपणे तिच्या हातात होती तिथं तिनं तीन सारखे भाग केले. लेक लग्न होऊन गेली म्हणून तिच्या वाकळेत एक थर कमी घातला नाही. इतकी वर्षं दर दिवाळीला पाळीनं एकेक देत होती, तेव्हाही अक्काची पाळी कधी चुकली नव्हती. अक्काचं लग्न झालं त्या वर्षीही नाही. आम्ही त्याला गिफ्ट समजत होतो.

आणि दुसरी गोष्ट. हक्कसोड अक्काकडे मागितली गेली. माझ्याकडे कुणी मागितली नाही. कागदाची अडचणच सोडवायची असेल, तर साडेतीनशे किलोमीटरवरची माझी सही जास्त अडचणीची आहे की अठरा किलोमीटरवरची अक्काची? काढणीला ती येते, मी येत नाही. पगार मला आहे, तिला नाही. शेतीच्या हिशोबानं बघितलं तर आधी माझं नाव निघायला हवं. पण मी मुलगा आहे, त्यामुळे हा प्रश्न दादाच्या, जाणत्यांच्या, अक्काच्या, कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

सकाळी चहाच्या वेळी मी दादाला हेच म्हटलं. हक्कसोडच करायची तर पहिली माझी करू. दादा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "तुझी कशाला? तुझी जमीन हाय ती." मी म्हटलं, तशी अक्काचीही आहे.

हे वाचायला सोपं वाटतं, पण मी त्याला खलनायक करणार नाही. सहा एकराचे चार भाग म्हणजे दीड-दीड एकर, साठ-साठ गुंठे. कोरडवाहू साठ गुंठ्यांवर कुणाचं घर चालत नाही. २०२३ ला पाऊस आला नाही, २०२५ ला थांबला नाही. जो माणूस ते सगळं अंगावर घेतो त्याला सह्यांसाठी दारोदार फिरावं लागू नये, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. त्यावर उपायही आहेत. संमतीपत्रांचे कोरे नमुने भरून ठेवता येतात, कामापुरतं मुखत्यारपत्र करून देता येतं, अक्काच्या हिश्श्याचा खंड ठरवता येतो. हे उपाय हक्कसोडीपेक्षा जास्त कागदांचे आहेत एवढंच. कागद करायला मी आहे की. नाहीतरी दिवसभर दुसरं काय करतो?

अक्काशी मी नंतर फोनवर बोललो. मला वाटलं होतं की ती म्हणेल, कशाला वाद वाढवतोस. तिनं विचारलं, "तू तुझी सही देतो म्हणालास ते खरंच देणार हाईस?" मी म्हटलं, हो, दादाला लागत असेल तर. मग ती जरा थांबून म्हणाली, "माझं मी बघीन. द्यायची का न्हाई ते मी ठरवीन. पण आता कुणी इचारलं तर इचार करून सांगते म्हणणार हाय."

आजच्या घडीला सातबाऱ्यावर चार नावं आहेत. दादा अजून माझ्याशी थोडा कमी बोलतो, पण येळवसीला त्यानं अक्काला आणि जावयाला शेतात जेवायला बोलावलं होतं. भज्जी, आंबील, सगळं झालं. अंथरायला वाकळ होती, ती टायवाली. ती फाटली तरी चालते असं सगळे म्हणतात, आणि दर वर्षी कुणीतरी तिला ठिगळ लावतं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात करायचं ठरलंय. मोतीबिंदू निघाला की पुन्हा शिवायला बसणार असं तिचं म्हणणं. लुगडी संपली, मग कशाची शिवणार, असं मी विचारलं. तर म्हणाली की तुझ्या हापिसात त्या चड्डी-बनियनसारख्या बनियनी वाटतात ना, त्या आणत जा, सुती असतात. म्हणून सध्या मी टीममधल्या सगळ्यांकडे जुने टी-शर्ट मागत हिंडतोय. एकोणीस जमलेत. मॅनेजरनं दोन दिले, त्यातला एक एक्सेल साइजचा, म्हणजे आख्खी एक बाजू निघेल. तो हॅन्डमेड क्विल्टवाला मित्र म्हणतो, बदल्यात एक वाकळ दे. त्याला सांगितलंय की आमच्याकडे ती विकत मिळत नाही, पाळीनं मिळते, आणि तुझा नंबर चौथा.

असो. बारा वाजत आलेत, उद्या सोमवार.